माझा कोनाडा

दुपारी साडेतीन ते साडेचार ही आमच्या घरातली माझी हक्काची वेळ. जेवणं आटोपलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, हे यार्डात असतात आणि सासूबाईंची डुलकी लागलेली असते. २०२४ च्या पावसाळ्यात याच तासाला मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून, वही-पेन घेऊन शिकायला बसत असे. वयाच्या पन्नाशीत! काय शिकायला, तर ‘लाइफ कोच’ व्हायला.

बारा आठवड्यांचा वर्ग होता आणि फी होती अठरा हजार. भिशीच्या पैशांतून मंगळसूत्राच्या वाट्या जड करायच्या ठरवल्या होत्या, त्या राहिल्या. यांना सांगितलं तेव्हा हे हसले. म्हणाले, ‘‘कोच म्हणजे आगगाडीचा डबा. तू आता कुठल्या गाडीला जोडणार?’’

गंमत अशी, की यांचा विनोद फारसा चुकला नव्हता. हंगेरी देशात कोच नावाचं एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे उत्तम घोडागाड्या बनत. गावावरून गाडीला ते नाव पडलं. पुढे इंग्लंडातले विद्यार्थी आपल्याला परीक्षेपार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरालाही ‘कोच’ म्हणू लागले. मग तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला. आयुष्याच्या बाबतीत त्याचा आजच्यासारखा वापर अमेरिकेत १९९० च्या सुमारास वाढला. थॉमस लिओनार्ड हे मुळात लोकांच्या पैशांचं नियोजन करून देणारे गृहस्थ. लोक पैशांबद्दल विचारता विचारता जगण्याबद्दलच विचारतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी या कामाचं शिक्षण सुरू केलं आणि १९९५ साली कोच मंडळींची एक आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी केली. थोडक्यात काय, तर माणूस जिथे उभा आहे तिथून त्याला जिथे जायचं आहे तिथे नेणारी गाडी. कुठे जायचं हे मात्र बसणाऱ्यानं ठरवायचं. गाडीनं ठरवायचं नाही.

हे शेवटचं वाक्य मी वहीत लाल पेनानं लिहून घेतलं होतं. त्याचा अर्थ कळायला मात्र भाऊबीज उजाडावी लागली.

आमचं घर न्हावा शेव्याच्या बाजूचं. न्हावा पनवेल तालुक्यातलं आणि शेवा उरण तालुक्यातलं. दोन गावांची नावं जोडून बंदराला मिळाली. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालं. मी १९९६ साली लग्न होऊन आले, तेव्हा भातशेती आणि मिठागरं यांच्या गोष्टीच काय त्या उरल्या होत्या. सासऱ्यांची जमीन गेली होती. हे एका कंटेनर यार्डात कारकून म्हणून लागले. मी घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. शिकवणीला मुलं सोडायला आयांनी यावं आणि दारातच तासभर बोलत उभं राहावं, हे वर्षानुवर्षं चाललेलं. ‘‘तुमच्याशी बोललं की बरं वाटतं हो,’’ असं सगळ्याजणी म्हणायच्या. मला वाटलं, हे काम नीट शिकूनच का करू नये?

वर्गाच्या सातव्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘‘तुमचा निश काय?’’

आम्ही सव्वीसजणी पडद्यावर गप्प. बाई म्हणाल्या, ‘‘सगळ्यांसाठी सगळं करणारा कोच कुणाचाच नसतो. डोळ्यांचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा. तुम्ही कोणत्या माणसासाठी, कोणत्या अडचणीसाठी काम करणार, ते ठरवा. करिअर, आरोग्य, नातेसंबंध, पैसा, पालकत्व, काहीही. पण एक ठरवा.’’

रात्री लेकीला विचारलं, हा निश म्हणजे काय गं? तिनं शब्दकोश उघडला आणि म्हणाली, ‘‘आई, कोनाडा!’’

कोनाडा म्हटल्यावर मला एकदम घरचा शब्द भेटल्यासारखं झालं. सासूबाई जुन्या घराचं वर्णन करतात त्यात कोनाडा असतोच. दाराच्या उजव्या हाताला, मातीच्या भिंतीत. संध्याकाळी त्यात दिवा आणि दिव्यामागे पत्र्याच्या डबीत घराचे कागद. सगळ्या भिंतीचा कोनाडा करता येत नाही, भिंत कोसळेल. थोडीशीच जागा कोरायची, पण ठेवायचं ते महत्त्वाचं. बाईंचं म्हणणं मला आता पटलं. पण माझा कोनाडा कुठला?

मैत्रिणींनो, मग मी प्रयोग केले. आपण नवीन पदार्थ आधी घरच्यांवर करून पाहतो ना, तसे.

पहिला प्रयोग करिअरचा. शेजारच्या बाईंचा मुलगा बारावी झालेला आणि पुढे काय करावं या घोळात. त्याला समोर बसवलं. कोचनं प्रश्न विचारायचे असतात, उत्तरं द्यायची नसतात. पण अर्धा तास मीच बोलत होते! ‘‘बंदरात कामं आहेत, लॉजिस्टिक्सचा कोर्स कर, आमच्या यांना विचारते...’’ मुलगा ‘‘हो काकू, हो काकू’’ म्हणत बिस्किटं खाऊन गेला. महिन्यानं कळलं, त्याला स्वयंपाकाचं शिक्षण घेऊन हॉटेलात जायचं होतं. ते मी त्याला विचारलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं मुलांना शिकवण्याची सवय. उत्तर तोंडातच तयार. तो कोनाडा माझा नव्हे.

दुसरा प्रयोग आरोग्याचा, धाकट्या जावेवर. तिला वजन कमी करायचं होतं. आम्ही तक्ता केला, तांदळाची भाकरी तीनची दीड केली, रोज संध्याकाळी चालणं सुरू केलं. सहा आठवड्यांत माझं वजन दोन किलो उतरलं आणि तिचं एक किलो वाढलं! तिचे केस गळत होते, थकवा होता, पाय सुजत होते. हे सारं मी ‘आळस’ या एका शब्दात बसवत होते. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं, तेव्हा थायरॉइड निघालं. गोळी सुरू झाली आणि बाईला हुशारी आली. मला लाज वाटली. जिथे औषधाचं काम आहे तिथे गप्पांनी वेळ दवडणं हा गुन्हाच म्हणायचा.

तिसरा प्रयोग मी केला नाही, तो माझ्या दारात आला. शिकवणीच्या एका मुलाची आई म्हणाली, ‘‘टीचर, आमचं दोघांचं पटत नाही, ते नातेसंबंधांचं तुम्ही बघता ना?’’ दुसऱ्या भेटीला तिनं बाही वर केली आणि मला दंडावरचे वळ दिसले. माझ्या वहीतला एकही प्रश्न तिथे उपयोगाचा नव्हता. मार खाणाऱ्या बाईला ‘तुमचं ध्येय काय?’ असं विचारायचं नसतं. तिथे संरक्षण लागतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. छळ झालेल्या बाईला पोलिसांच्या आवारातच आधार मिळावा म्हणून टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात विशेष कक्ष सुरू केला, आणि तसे कक्ष पुढे राज्यात ठिकठिकाणी झाले. मी तिच्याबरोबर गेले, बाकावर बसून राहिले, एवढंच. माझ्या कामात ते एवढंच योग्य होतं.

हे जरा सविस्तर सांगते, कारण मैत्रिणी विचारतात. कोच निराळा, समुपदेशक निराळा, मानसोपचारतज्ज्ञ निराळा. झोप उडाली आहे, रडू थांबत नाही, जगू नये असं वाटतं, तर तिथे कोचचं काम नाही. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली. आपल्या बाजूच्या कितीतरी घरांना ‘मनालाही डॉक्टर असतो’ हे अशा कामामुळे कळलं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवाही आहे. फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. कोचकडे यावं ते धडधाकट माणसानं, एखाद्या वळणावर अडलेल्या. आणि एक कटू सत्य : आपल्याकडे लाइफ कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून आपली कुंपणं आपणच घालून घ्यायची.

तर तीन कोनाडे बाद. वर्ग संपत आला आणि मी होते तिथेच. अशात दिवाळी आली.

आता थोडं जमिनीविषयी सांगायला हवं. नवी मुंबईसाठी शासनानं सत्तरच्या दशकापासून ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाचजण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे शेतकऱ्याला घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. सासूबाई त्या गर्दीत होत्या, कडेवर दोन वर्षांची धाकटी लेक. पळताना चप्पल गेली ती कायमची, असं त्या अजून सांगतात.

आमच्या वाट्याला असाच एक लहानसा भूखंड आला होता. सासरे २०१६ ला गेले. वारसांची नावं लागली : सासूबाई, हे, धाकटे भाऊजी आणि दोन नणंदा. बरीच वर्षं तो तसाच पडून होता. मग १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. शिवडीहून समुद्रावरून सरळ आमच्या अंगणात! त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. भाव चढू लागले आणि बिल्डर दाराशी आले. भूखंड विकासाला द्यायचा, दोन्ही भावांना एकेक घर आणि वर काही रोख, असं ठरत आलं. फक्त एक काम राहिलं : दोन्ही बहिणींचं हक्कसोडपत्र.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री यांनी प्लॅस्टिकची फाइल माझ्या हातात ठेवली. म्हणाले, ‘‘उद्या दोघी येतील. थोरली प्रश्न करणार नाही. धाकटीशी तू बोल. मी बोललो तर तिला वाईट वाटेल. तू शिकली आहेस ना आता, माणसाशी कसं बोलायचं ते? उपयोगी पडू दे.’’

तुम्हाला खरं सांगू? मला आनंद झाला. आगगाडीचा डबा म्हणून हसणाऱ्या माणसानं पहिल्यांदा माझ्या शिक्षणाला काम दिलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या नव्या घराच्या स्वयंपाकखोलीच्या खिडकीत मी मनातल्या मनात तुळसही ठेवून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी ओवाळणं झालं, जेवणं झाली. थोरल्या वन्सं सासूबाईंजवळ लवंडल्या. धाकट्या वन्सं माझ्याबरोबर भांडी पुसायला आत आल्या. त्यांचं घर पनवेलला, भाड्याचं. मेहुणे ट्रेलर चालवतात, दोन मुलं शिकतात. मी हळूच विषय काढला आणि शिकल्याप्रमाणे प्रश्न विचारू लागले.

‘‘वन्सं, माहेर म्हटलं की तुम्हाला पहिल्यांदा काय आठवतं?’’

‘‘आय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि दादा. शाळेत असताना सायकलवरून सोडायचा.’’

‘‘ते नातं तुम्हाला किती मोलाचं वाटतं?’’

‘‘हे काय विचारणं झालं, वहिनी?’’

‘‘मग ते जपण्यासाठी तुमच्याकडून काय करता येईल, असं वाटतं?’’

दहा मिनिटं, फार तर. वन्संचे डोळे भरले होते आणि त्या पदराला हात पुसून म्हणत होत्या, ‘‘द्या ते कागद. कुठे करायची सही?’’

फाइल मी पुढे केली होती. पेन त्यांच्या हातात होतं. आणि सही करता करता, अगदी सहज, त्यांनी मान वर करून विचारलं, ‘‘तुम्ही केली होती का हो, तुमच्या माहेरी?’’

मी केली होती. २००९ साली, वडील गेल्यानंतर महिन्याच्या आत. पेणच्या बाजूला आमची थोडी भातजमीन. भाऊ म्हणाला, ‘‘ताई, इथे आणि इथे.’’ मी वाचलं नाही. वाचायला मागणं म्हणजे भावावर अविश्वास दाखवणं, असं वाटलं. निबंधकाच्या कचेरीत फोटो काढला, अंगठा दिला, बाहेर येऊन ऊसाचा रस प्यायलो. भाऊ वाईट नाही. आजही आंब्याची पेटी येते. पण पुढे लेकीच्या फीसाठी एकदा पैसे मागायची वेळ आली, तेव्हा मी त्याच्या ओसरीवर परक्यासारखी बसले होते, आणि त्या दिवसापासून मनात एक सल आहे. जमिनीची नव्हे. मी ती मनापासून दिली असती, तर ‘दिली’ याचं सुख मला आयुष्यभर पुरलं असतं. पण मी दिली नाही. माझ्याकडून ती गेली. देणं आणि जाणं यांत केवढं अंतर आहे, ते ज्या बाईचं काही गेलं आहे तिलाच कळेल.

आणि तेच मी आता वन्संचं करत होते. तेही गोड प्रश्न विचारून! माझ्या भावानं निदान सरळ ‘सही कर’ म्हटलं होतं. मी अठरा हजार रुपये भरून शिकलेलं कसब वापरत होते. गाडी मी चालवत होते आणि कुठे जायचं तेही मीच ठरवलं होतं.

मी पेन काढून घेतलं. म्हटलं, ‘‘वन्सं, केली होती. न वाचता केली होती. तुम्ही करू नका. म्हणजे, करूच नका असं नाही. पण आज नको, आणि माझ्या सांगण्यावरून तर मुळीच नको. यात माझंही घर आहे. मला यात नफा आहे. मी तुमची कोच होऊ शकत नाही.’’

मग मी एकच प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता : ‘‘या कागदात काय लिहिलंय, ते मला तुमच्या शब्दांत सांगाल?’’

त्या कागदाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘नाही सांगता येत.’’

त्या संध्याकाळी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. हे रागावले. ‘‘घरच्याच बाईनं घर बुडवलं,’’ म्हणाले. अकरा दिवस बोलले नाहीत. डबा घेऊन जात, रिकामा आणून ओट्यावर ठेवत. भाऊजींनीही तोंड फिरवलं. माझी रात्रीची झोप गेली. वाटायचं, कुठून हे शिकण्याचं खूळ घेतलं! बाराव्या दिवशी जेवताना सासूबाई यांना म्हणाल्या, ‘‘माझ्या माहेरचं रान गेलं तेव्हा माझा अंगठा घेतला. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही. तुझ्या बायकोनं सही केली, तिला वाचता येत होतं तरी वाचलं नाही. माझ्या पोरीला तरी वाचू दे की रं!’’

हे काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी डब्यात काय आहे, ते विचारलं.

धाकट्या वन्सं तालुक्याच्या कोर्टात गेल्या, तिथे विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क आहे. किती जणींना हे ठाऊक आहे? मला पन्नाशीपर्यंत नव्हतं. तिथे त्यांना कळलं, की ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा वाटा आहे. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टही केलं, की तेव्हा वडील हयात असायलाच हवे होते असं नाही. जुनी रीतसर वाटणी झालेली असेल, तर प्रश्न निराळा. म्हणून आपापले कागद वकिलालाच दाखवावेत. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदलं, की नुसतं ‘माझा विचार बदलला’ म्हणून ते मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि ते फार अवघड.

दोन महिने गेले. मग एका रविवारी दोघी बहिणी आल्या. धाकट्या वन्सं म्हणाल्या, ‘‘दादा, मी हक्क सोडणार नाही. पण अडवणारही नाही. करारावर तुमच्याबरोबर माझी सही राहील. पूर्ण वाटा नको, एक लहान घर माझ्या एकटीच्या नावानं लिहा.’’ थोडी घासाघीस झाली, आवाज चढले, पण ते लिहिलं गेलं.

आणि थोरल्या वन्संनी हक्कसोडपत्रावर सही केली. तेही वाचून. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे, खाऊनपिऊन सुखी. म्हणाल्या, ‘‘माझ्या दुखण्यात या दोघांनी दवाखान्यात तीन महिने काढले. मला काही नको. हे मी देतेय, बरं का रे. मागितलं म्हणून नाही.’’ सही करताना त्यांचा चेहरा पाहिला आणि मला माझा २००९ चा चेहरा आठवला. कागद तोच होता. सही मात्र निराळी होती.

कोणती बहीण बरोबर? दोघीही! दोघींनी आपापलं ठरवलं म्हणून. त्या दिवशी मला माझा कोनाडा सापडला. मी सहीआधीच्या बाईसाठी काम करते.

शिकवणाऱ्या बाईंना कळवलं, तर म्हणाल्या, ‘‘फारच अरुंद आहे, कोण येणार?’’ पण आमच्या भागात बाईला सहीला बोलावणारे काय थोडे आहेत? हक्कसोडपत्र आहे, नवऱ्याच्या कर्जाला सहकर्जदार आहे, दिराच्या धंद्यात भागीदार म्हणून नाव आहे, सोनं गहाण ठेवायचं आहे. जमिनीचा पैसा आलेल्या घरांत तर विचारूच नका. गाडी आली, लग्नं झाली, पैसा गेला, आणि बाईला सह्या तेवढ्या आठवतात. पहिल्या वर्षात नऊजणी आल्या. फार नाहीत. पहिली बैठक मी फुकट घेते, पुढच्या दोन्हींचे तीनशे रुपये. तीनच बैठका.

पहिल्या बैठकीत ती कागद स्वतः वाचते, मोठ्यानं. न कळलेल्या शब्दाखाली रेघ मारते, आणि ते शब्द घेऊन वकिलाकडे किंवा बँकेत जाते. दुसऱ्या बैठकीत मी विचारते : घाई कुणाला आहे? सही केली नाही तर काय होईल अशी भीती आहे? केली तर दहा वर्षांनी काय वाटेल? तिसऱ्या बैठकीत ती घरी जे बोलणार आहे, ते माझ्यासमोर बोलून पाहते. बहुतेकींचा आवाज पहिल्या वेळी फुटतच नाही. तिसऱ्यांदा फुटतो. सही करावी की नाही, हे मी सांगत नाही. जिवावर येतं, पण सांगत नाही. आणि नात्यातल्या बाईचं काम घेत नाही.

तुमच्यापैकी कुणाला या कामात यायचं असेल, तर अनुभवाचे चार शब्द. बाजारात काय चालतं यावरून कोनाडा ठरवू नका. कुठल्या विषयात लोक तुमच्याकडे न बोलावता येतात, ते बघा. कुठे तुमची जीभ आवरत नाही, तेही बघा आणि तिथे जाऊ नका. तुमची स्वतःची दुखरी जागा जवळ असेल, तर तिथे तुम्हाला खूप कळेल. पण ती जखम आधी स्वतः धुवून घ्या, नाहीतर समोरच्या बाईकडून आपलाच सूड उगवून घ्याल. वकील, डॉक्टर आणि मदतीच्या सेवा यांचे क्रमांक वहीच्या पहिल्याच पानावर हवेत. आणि आपला नफा जिथे आहे, तिथे कितीही गोड प्रश्न सुचले, तरी तोंड बंद!

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. भाव आणखी चढले म्हणतात. आमची इमारत अजून पायातच आहे. पण भाऊबीजेला दोघी बहिणी आल्या. धाकट्या वन्संनी यांना ओवाळलं, यांनी ताटात पाकीट ठेवलं. वन्संनी ते तिथेच उघडलं आणि म्हणाल्या, ‘‘दादा, वाचून घेते हं, आत काही कागद नाही ना?’’

क्षणभर सगळे गप्प. मग हेच आधी हसले.

मी आत जाऊन करंज्यांचं ताट भरलं. माझ्या भावाला अजून मी त्या कागदाबद्दल काही बोललेले नाही. जमीन परत नको आहे. फक्त एकदा सांगायचं आहे, की तेव्हा मला वाचायला हवं होतं. ते वाक्य मी सध्या आरशासमोर बोलून पाहते. दोनदा झालं आहे. तिसऱ्यांदा आवाज फुटेल.